तीन नंबरची टाकी हलकी कशी झाली?

१

कागद चार ओळींचा होता आणि चारही ओळी खोट्या होत्या.

'मी खाली सही करणारी लिहून देते की, बाटलीवर छापलेला कॅलरीचा आकडा मी जाणूनबुजून कमी दाखवला. मालकांना याची कल्पना नव्हती. कारखान्याचा यात काही दोष नाही. जे होईल त्याला मी एकटी जबाबदार आहे.' खाली लांब रेघ. रेघेवर अजून काही नव्हतं.

मावशीने तो कागद आधी जुन्या डोळ्याने वाचला, मग नव्या. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते आणि नवा डोळा भलताच कडक निघाला होता. कपाटावरची धूळ काय, शेजारणीच्या हसण्यातली खोट काय, त्याच्या तावडीतून काही सुटत नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?"

"मालकांनी. टाइप करूनच हातात दिलं." भाची टेबलापाशी उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नव्हती. "आज पाच वाजता गिऱ्हाइकाकडच्या बाई येणार आहेत. त्यांना सहीचा कागद द्यायचा, म्हणजे मालक सुटले. सही नाही केली तर मला काढणार आणि सगळीकडे सांगणार की पोरगी खोटा आकडा छापून पळाली. केली तर मीच लिहून दिल्यासारखं. दोन्हीकडून मीच मेले. उद्या कुठला कारखाना मला टाकीजवळ उभं करील, मावशी?"

भाची बियर बनवायची. हलकी बियर. साध्या बियरच्या बाटलीत दीडशेच्या घरात कॅलरी असतात, हिच्या बाटलीत पंच्याऐंशी. आणि तरी घोट पाणचट लागायचा नाही, तोंडभर लागायचा. त्यासाठी दोन वर्षं ती पाणी, धान्य आणि घड्याळ यांच्याशी झोंबली होती. सतरा टाक्या गटारात सोडल्यावर अठरावी जमली. 'पोट हलकं, घोट भरलेला' असं तीच म्हणायची आणि स्वतःच लाजायची.

आणि आता एका मोठ्या हॉटेलवाल्यांनी चवीला पसंती देऊन, मागाहून त्याच टाकीतल्या बाटल्या प्रयोगशाळेत तपासल्या. उत्तर आलं, एकशे बारा.

"मी खोटं छापलं नाही गं," भाची म्हणाली.

"ते मला सांगू नकोस, चिंगे. लहानपणी साय चोरून खायचीस आणि ओठावरची मिशी पुसायची विसरायचीस. तुला खोटं बोलता आलं असतं तर इतकी वर्षं मला काळजीच नसती." मावशीने कागदाची घडी घातली. घडीवर नख असं फिरवलं की कागद चरचरला. एकतीस वर्षं ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. पोकळ वजनं, बुडाला मेण लावलेली मापं, काट्याखाली चिकटवलेले लोहचुंबक, सगळं तिने पाहिलं होतं. दुकानदार मापात पाप करायचा आणि नोकराचं नाव सांगायचा, हेही पाहिलं होतं. त्या दुसऱ्या प्रकाराने तिच्या कानशिलाची शीर अजून उडायची.

"त्या टाकीतली जुनी बियर कुठे शिल्लक आहे का? हे सगळं होण्याआधीची?"

"नाही ना. सगळ्या बाटल्या नंतर भरल्या. मी इथे तुझ्या उशाशी होते तेव्हा आठ दिवस टाकी तशीच..." भाची बोलता बोलता थांबली.

मावशी उठली, फ्रीज उघडला आणि डोळ्यांच्या थेंबांमागून एक बिनलेबलाची तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ऑपरेशनला आलीस तेव्हा ही आणलीस. 'तीन नंबरची आहे, नुसता वास तरी घे,' म्हणालीस. मी कुठली घेतेय? बूच तसंच आहे."

भाचीने खुर्ची ओढली आणि बाटली समोर घेऊन बसली.

२

कारखान्यात भिजल्या धान्याचा गरम वास भरून होता. एका ओळीत सहा स्टीलच्या टाक्या, प्रत्येकीच्या डोक्यातून एक नळी निघून पाण्याच्या बादलीत बुडालेली. टाकीत यीस्ट साखर खात असलं की नळीतून हवा येते आणि बादली गुळगुळ बोलते. खाणं संपलं की बादली गप्प.

मालक दारातच भेटले. पांढरा शर्ट, पोटावर हात. "या मावशी, या. बरं झालं तुम्ही आलात. घरचं माणूस समजावील तर ऐकेल ती. मला मुलीसारखी आहे हो. पण चूक ती चूक."

"मुलीसारखी आहे, म्हणून तिच्यासाठी चार ओळी तुम्हीच लिहिल्यात. स्वतःच्या मुलीला निदान पत्र तरी स्वतः लिहू दिलं असतंत," मावशी म्हणाली आणि थांबली नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, एक बेसिन आणि काचसामान. भाचीने बाटली उघडली, दोन भांड्यांत वर-खाली ओतून फेस मारला, म्हणजे आतली हवा घालवली; मग उंच नळीत बियर ओतून त्यात हायड्रोमीटर सोडला. बोटभर जाडीचा काचेचा काटा, अंगावर आकडे. द्रव जड असेल तर तो वर तरंगतो, हलका असेल तर खोल बुडतो. मावशी ओट्याला नाक लावून वाकली. हे तिचं राज्य होतं.

"एक हजार," ती म्हणाली.

"म्हणजे पाण्याइतकीच जड. अगदी बरोबर! निघायच्या दिवशी मी हाच आकडा लिहिला होता. साखर संपली, काम झालं."

मग भाचीने तीन नंबरच्या टाकीतून भांडं भरून आणलं. तसाच फेस मारला, तोच काटा सोडला. तो बुडाला. पहिल्यापेक्षा केसभर जास्त.

"नऊशे अठ्ठ्याण्णव."

"हो, परत आले तेव्हाही हाच होता. मला तर आनंद झाला. वाटलं, माझ्या मागे आणखी थोडी साखर संपली, बियर आणखी कोरडी झाली. चव जरा ऊबदार लागली, पण मला सर्दी होती." भाची ओठ चावत म्हणाली. "बियर करणारा माणूस काटा खाली गेला की खूशच होतो, मावशी. काटा वर राहिला तर झोप उडते."

"थांब. मला बियर कळत नाही, वजन कळतं." मावशीने काळा चष्मा कपाळावर चढवला. "कॅलरी पंच्याऐंशीच्या एकशे बारा झाल्या. म्हणजे आत काहीतरी जास्तीचं आलं. जास्तीचं आलं तर भांडं जड व्हायला हवं. माझ्या उभ्या नोकरीत भेसळीने माल हलका झालेला मी पाहिला नाही. ही हलकी कशी झाली?"

भाची ओट्यावरच्या कागदांकडे वळली. तिने हॉटेलवाल्यांच्या तपासणीचा अहवाल पुन्हा काढला आणि कॅलरीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ दोन दिवस कुणी वाचलीच नव्हती. दारूचं प्रमाण: चार पूर्णांक नऊ टक्के. तिच्या बियरमध्ये असायचं तीन पूर्णांक सहा.

"दारू पाण्यापेक्षा हलकी असते," ती हळूच म्हणाली. "मावशी, माझ्या मागे कुणीतरी माझ्या टाकीला जेवायला घातलंय. आणि तिने ताट चाटूनपुसून साफ केलंय."

३

उस्ताद कोठाराच्या दारात धान्याच्या गोणीवर बसले होते. पन्नाशी उलटलेला, दाट काळ्या बियरसाठी नाव कमावलेला माणूस. कोठाराची किल्ली त्यांच्या कमरेला.

"या, पाणीवाल्या बाई," ते भाचीला म्हणाले. दोन वर्षं ते तिला असंच हाक मारत होते. मग मावशीकडे पाहून जरा सावरले. "म्हणजे तसं नव्हे. गमतीनं."

"गमतीला माझी हरकत नाही. तिची टाकी बिघडवली त्याला आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही बिघडवलीत का?"

उस्तादांनी एकदम आवाज चढवला. "मी? बाई, मी तोंडावर बोलतो! तिची बियर मला आवडत नाही, हे मी तिला रोज सांगतो. मागून वार करायला मला काय धाड भरलीय? उलट माझंच एक पोतं गायब आहे. त्याचं कुणाला काही नाही!"

"कसलं पोतं?"

"माल्टोडेक्स्ट्रिनची पूड. पांढरी. माझ्या काळ्या बियरला भर यावी म्हणून थोडी घालतो. दोन पोती होती, पंचवीस-पंचवीस किलोची. एकच राहिलंय. मी त्या टाक्या धुणाऱ्या बाईला बोललोसुद्धा."

"चौकशी केलीत?"

"चौकशी कसली, बोललो." उस्ताद खाली पाहू लागले.

मावशीच्या कानशिलाची शीर उडाली. म्हणजे इथे हीच रीत दिसते, तिच्या मनात आलं. काही हरवलं की जो सगळ्यात खाली उभा असेल त्याच्या डोक्यावर ठेवायचं.

"ही पूड यीस्ट खात नाही का?"

"नाही ना! ती मोठी साखर. यीस्टच्या दातांना तुटत नाही. टाकीत तशीच राहते, म्हणून तर घोट दाट लागतो."

"आणि हिच्या टाकीत घातली तर?"

उस्ताद मोठ्याने हसले. "हिच्या? अहो, हिच्या टाकीत कात्री आहे! एक एंझाइम घालते ही, थेंब थेंब. मी त्याला कात्री म्हणतो. यीस्टला न तुटणारी साखर असते ना, तिचे ती बारीक तुकडे करते. मग यीस्ट सगळं फस्त. त्यामुळेच हिची बियर हलकी होते. तिथे पूड घालायची म्हणजे कात्रीपुढे कापड टाकायचं. आठवड्यात चिंधीसुद्धा उरायची नाही. दारू वाढेल, कॅलरी वाढतील, भर मात्र गुंजभरही यायची नाही." हसता हसता ते थांबले. हजार लिटरची टाकी, पंचवीस किलोचं पोतं. हिशेब त्यांच्या डोळ्यांत मांडला गेला. "अरे देवा. पण असा मूर्खपणा करील कोण?"

"किल्ली तुमच्याकडेच असते?"

"एक माझ्याकडे," उस्ताद म्हणाले. "आणि एक जुडगा ऑफिसात. कुणीही काढून नेईल."

४

ऑफिसात विक्रीप्रमुख फोनवर कुणालातरी आभाळातले तारे विकत होता. कारखान्यात त्याला तोंडपाटील म्हणत. त्याने फोन ठेवला आणि मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, सहानुभूती दिली.

"फार वाईट झालं हो. माझीच सगळी मेहनत गेली. मंगळवारी त्यांच्याकडून निरोप आला होता, 'हलकी बियर म्हणजे ग्लास विसळलेलं पाणी, आम्हाला नको.' मी मालकांना सांगितलं, काहीतरी करा, चव वाढवा. पुढच्या आठवड्यात चाखायला आले तर काय! घोट घेतला आणि खूश. म्हणाले, एवढी हलकी आणि एवढी भरदार?"

"चव वाढवायला तुम्ही काय केलंत?"

"मी? मी सुचवलं, थोडा मध घाला. नाहीतर फेस वाढवा. फेस वाढला की भर येते ना?"

भाचीने तोंड फिरवलं. तिला हसू आलं की रडू, ते मावशीला नव्या डोळ्यानेही कळलं नाही.

"कोठारात पांढऱ्या पुडीचं पोतं आहे, ते कशाला वापरतात?"

"फरशी धुवायची पावडर ना ती?" तोंडपाटील म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ अज्ञान होतं की मावशीने त्याला मनातल्या मनात सोडून दिलं. याने गोडवा आणायचा म्हटला असता तर टाकीत मधाची बरणी पालथी केली असती.

परत येताना टाक्यांच्या ओळीमागून गाणं ऐकू आलं. टाक्या धुणारी बाई गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती आणि हाताच्या लयीत गुणगुणत होती.

टाकी बाई लेकुरवाळी, निजविली सोमवारी,
कुणी गं दिला घास, जागली गुरुवारी.

मावशी जागच्या जागी थांबली. तिच्या कडक आवाजाला एकदम मऊ धार आली. "बाई, हे गाणं कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझंच. काम करताना येतं तोंडात." बाईने पदराने कपाळ पुसलं. "ही तीन नंबरची. ताई गावाला निघाल्या त्याच्या आदल्या दिवशी गप्प झाली होती. बादलीत बुडबुडा नाही. गुरुवारी सकाळी येऊन बघते तर परत गुळगुळ गुळगुळ. जेवलेलं पोर परत उठून बसावं तशी."

"हे कुणाला सांगितलंस?"

"मला कोण विचारतंय?" बाई साधेपणाने म्हणाली. त्यात तक्रारही नव्हती, आणि तेच मावशीला जास्त लागलं. "वरच्या झाकणाच्या रबरावर पांढरा चिकट थर पण होता. मी ओल्या फडक्यानं पुसला. ताईंच्या टाकीवर असलं कधी नसतं. पण त्याच दिवशी उस्ताद पोत्यावरून बोलले मला. मग मी तोंडच मिटलं."

"बुधवारी टाकीजवळ कोण होतं?"

"कुणीच नाही. बुधवारी दुपारी ऑफिसातून निरोप आला, विजेचं काम आहे, सगळ्यांना अर्धा दिवस सुट्टी. मी डबा विसरले म्हणून परत फिरले. फाटकाला आतून कडी. आणि खिडक्यांतून बघितलं तर, विजेचं काम म्हणे, सगळे दिवे लख्ख चालू!"

५

तीन वाजले होते. मावशी एकटीच मालकांच्या खोलीत गेली. भिंतीवर बक्षिसांच्या तसबिरी होत्या. जुन्या फोटोत तरुण मालक गमबूट घालून टाकीवर चढलेले.

"मीसुद्धा टाक्या घासल्यात, मावशी," ते फोटोकडे पाहत म्हणाले. "वीस वर्षं. मग हा डोलारा उभा राहिला. बियर म्हणजे काय, मला शिकवू नका. कमी कॅलरी आणि भरदार चव? हे म्हणजे उपास पण करायचा आणि ढेकर पण द्यायचा! इतकं सरळ असतं तर जगाने नसतं केलं? पोरीला नाव हवं होतं. छापला आकडा."

"मग तिला दोन वर्षं करू कशी दिलीत?"

"हौस होती तिची. म्हटलं करू दे. लोक हल्ली हलकं मागतात, लेबल चांगलं दिसतं."

"ती त्यात एंझाइम घालत होती, ते तुम्हाला माहीत होतं?"

"काय घालत होती?" मालकांनी भुवया उडवल्या. "छे छे! माझ्या कारखान्यात असली औषधं चालत नाहीत. पाणी, धान्य, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट. संपलं. उस्ताद काळ्या बियरला पूड घालतो तीही धान्याचीच." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, सही करू दे तिला. मी दोन-तीन महिने जाऊ देईन, मग बाटल्या भरायच्या विभागात घेईन परत. पोटापुरतं मिळेल. माणुसकी आहे मला."

मावशीने खुर्चीचे हात घट्ट धरले. तिला उठून काहीतरी फेकावंसं वाटत होतं. माणसाचं आयुष्य काढून घ्यायचं आणि त्याचा एक तुकडा भीक म्हणून परत द्यायचा, वर त्याला माणुसकी म्हणायचं! पण रागाने वजन चुकतं, हे ती एकतीस वर्षांत शिकली होती. ती नुसतं "बरं," म्हणाली आणि बाहेर आली.

भाची भिंतीला टेकून उभी होती.

"चिंगे, तुझ्या बियरची कृती कुठे लिहिलेली असते?"

"पत्रक असतं. सात पानी. तीन सह्या झाल्याशिवाय टाकी लावता येत नाही."

"आण."

भाचीने कपाटातून फाईल काढली. मावशीने शेवटचं पान उलगडलं. पहिली सही भाचीची. दुसरी उस्तादांची, आणि तिच्याशेजारी समासात त्यांचं अक्षर: 'तिसऱ्या पानावरच्या या थेंबांनी बियरचं हाडूकही उरणार नाही. तरी करून बघा.' तिसरी सही मोठी, वेलांट्यांची, पानभर पसरलेली.

मावशी त्या सहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच वाजता सगळ्यांना टाकीपाशी बोलाव. धुणाऱ्या बाईंनाही. त्यांना खुर्ची दे."

६

गिऱ्हाइकाकडच्या बाई वेळेवर आल्या. करड्या केसांच्या, हातात पातळ फाईल. मालकांनी चार ओळींचा कागद पुढे केला आणि भाचीकडे पेन सरकवलं.

"सही होईल की नाही ते शेवटी बघू," मावशी म्हणाली. "आधी दोन घोट घ्या बाई. मी स्वतः घेत नाही, म्हणून तुमची जीभ उसनी मागते."

तिने दोन ग्लास पुढे ठेवले. दोन्हींचा फेस सारखाच मारलेला, दोन्ही सारखेच थंड. एकात मावशीच्या फ्रीजमधली बियर, दुसऱ्यात आत्ताच्या टाकीतली. कुठली कुठली, ते तिने सांगितलं नाही.

"मलाही द्या," मालक पुढे झाले. "बियर मला कळते." त्यांनी दोन्हींचे घोट घेतले, जीभ टाळ्याला लावली आणि डावा ग्लास उचलला. "ही! ही भरलेली. हॉटेलवाल्यांनी चाखली ती हीच. उजवी जरा रिकामी."

"डाव्या ग्लासातली बियर टाकी बिघडायच्या आधीची आहे," मावशी म्हणाली. "तीन आठवडे माझ्या फ्रीजमध्ये होती."

मालकांचा हात हवेतच राहिला. करड्या केसांच्या बाईंनी दोन्ही ग्लास पुन्हा चाखले. "भर मला दोन्हींत सारखीच वाटते," त्या सावकाश म्हणाल्या. "उजवी फक्त जास्त चढेल. बिघडली म्हणजे काय?"

"बुधवारी दुपारी कारखाना रिकामा करून कुणीतरी या टाकीत पंचवीस किलो पूड ओतली." मावशी एकेकाकडे बघत बोलू लागली. "हिच्या बियरवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून भर यावी यासाठी ओतली. पण टाकीने पूड खाऊन टाकली आणि तिची दारू केली. म्हणून काटा खाली गेला आणि कॅलरी वर. आता ओतणारा कोण? त्याला दोन गोष्टी लागतात. एक, ही पूड साध्या टाकीत तशीच राहते, हे माहीत हवं. म्हणजे तो बियर करणारा माणूस हवा. विक्रीवाल्यांना ती फरशीची पावडर वाटते; ते गेले. दुसरी, या टाकीत ती टिकणार नाही, हे मात्र माहीत नको. उस्तादांना माहीत होतं. त्यांनी समासात लिहूनच ठेवलंय. माझ्या भाचीला माहीत होतं, कृतीच तिची. बियर जाणणारा, पण ही कृती न वाचलेला, असा एकच माणूस इथे आहे. त्याने सात पानांखाली सही केली आणि एक पानही वाचलं नाही."

सगळ्यांच्या माना मालकांकडे वळल्या.

"सुट्टीचा निरोप कुणाचा होता?" मावशीने विचारलं.

तोंडपाटलाने एरवी जन्मात केलं नसतं ते केलं, थोडक्यात बोलला. "मालकांचा. मीच सगळ्यांना सांगितलं."

मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "बरं, ओतली! माझा कारखाना, माझी टाकी, माझं पोतं! स्वतःच्या टाकीत स्वतःचं पोतं ओतणं हा गुन्हा कधीपासून झाला? मोठं गिऱ्हाईक हातचं जात होतं. चाळीस माणसं जेवतात इथे. मी काय विष घातलं?"

"अहवाल आला तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, की हे त्या पोत्यामुळे?"

मालक बादलीकडे पाहू लागले.

"कळलं होतं!" मावशीचा आवाज फुटला. दिवसभर दाबून धरलेलं सगळं त्या आवाजात आलं. "पोतं तुमचं, हे मान्य. पण नाव तिचं होतं! तुम्ही पूड ओतलीत ती अज्ञानाने, त्याला मी क्षमा करीन. पण नंतर खोलीत बसून, सगळं उमजून, थंड डोक्याने या चार ओळी लिहिल्यात. करून सवरून नामानिराळे! पोत्याची चोरी या धुणाऱ्या बाईंवर जातेय, हे कानावर आलं असेल, तरी गप्प. दोन वर्षं या मुलीने सतरा टाक्या गटारात ओतल्या, कारण बाटलीवर लिहायचं ते बाटलीत असलंच पाहिजे म्हणून. आणि तुम्ही तिच्याच हाताने लिहून घेणार, की मी खोटारडी आहे!"

धुणारी बाई खुर्चीत ताठ बसली होती. उस्ताद तिच्याजवळ गेले, काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "मोठ्यानं बोला. मला बोललात तेव्हा मोठ्यानं बोलला होतात." उस्तादांनी मान खाली घालून सगळ्यांसमोर माफी मागितली.

करड्या केसांच्या बाईंनी बिनसहीचा कागद मालकांकडे परत सरकवला. "हा मी नेणार नाही. माझ्या अहवालात टाकी कुणी बिघडवली ते लिहीन; प्रयोगशाळेलाही कळवीन. हा माल या लेबलखाली विकता येणार नाही." मग त्या भाचीकडे वळल्या. "पण ती भर पुडीची नव्हती. मग ती आली कुठून? ते मला हवंय. पंच्याऐंशीत ती परत आणून दाखवाल?"

मालक घाईने पुढे आले. "दाखवेल की! उद्याच टाकी लावू. झालं गेलं विसरून जा, पोरी. तू म्हणशील ते."

भाची पुढे झाली. तिने फाईल उघडली, सात पानी पत्रक काढलं आणि मालकांसमोर धरलं.

"मी म्हणेन ते? वाचा."

"वाचतो ना. रात्री घरी नेऊन..."

"इथे. सगळ्यांसमोर. मोठ्याने. पहिल्या पानापासून. त्याशिवाय मी टाकीला हात लावणार नाही. इथेही नाही आणि तुमच्या सांगण्यावरून कुठेही नाही."

मालकांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, चढवला आणि सुरुवात केली. धान्य किती ऊबेला किती वेळ भिजवायचं. पाण्यात कुठले क्षार, कशासाठी. तिसऱ्या पानावर ते थेंबांपाशी अडखळले. उस्तादांनी शब्द सांगितला. करड्या केसांच्या बाई लिहून घेत होत्या. धुणारी बाई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती.

चौथ्या पानावर ओट्स आले. कुठल्या जातीचे, किती भाजायचे, कुठल्या मिनिटाला घालायचे, म्हणजे साखर न वाढता घोट कसा रेशमासारखा होतो. मग हॉप्स, उकळीत नव्हे, उकळी उतरल्यावर घालायचे, म्हणजे वास जिभेला भरलेला कसा वाटतो. मालकांचा आवाज मंदावला. वीस वर्षं टाक्या घासलेला माणूस त्यांच्यात कुठेतरी अजून जिवंत असावा, कारण बोटाने ओळ धरून ते ती दुसऱ्यांदा वाचू लागले, मनातल्या मनात. मग त्यांनी मान वर केली.

"हे... हे तू स्वतः शोधलंस?"

"पुढे वाचा," भाची म्हणाली.